गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यापर्यंतची बटणं

मनगटावरचं घड्याळ काढा. मोबाईल टेबलाच्या खणात टाका. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्रही ठेवून द्या. जिथे निघालोय तिथे ते बघून कुणी फाटक उघडणार नाही. तुम्ही सिल्वासात, आमलीच्या औद्योगिक भागातल्या एका गार ऑफिसात बसला आहात. अंगात इस्त्रीचे कपडे, पायात बूट, डोक्यावर काही नाही. यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्यावरून थोड्या वेळाने तुमची मोठी पंचाईत होणार आहे.

डोळे मिटा. आता उघडा.

पहिला तडाखा उकाड्याचा. आषाढ लागलाय, आभाळ डोक्याला टेकलंय, वाऱ्याचा पत्ता नाही आणि शर्टाच्या आत पाठीवरून घामाची धार सुरू झालीय. साल १९४० च्या आसपासचं, राज्य पोर्तुगीजांचं. दमणगंगा दुथडी भरून चाललीय. मधुबन धरण व्हायला अजून काही दशकं आहेत. कारखाने होते तिथे भाताची खाचरं आहेत, खाचरांच्या मागे सागाचं रान. बेडकांचा गलका एवढा की शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येऊ नये. भाजलेल्या राबाची ओली राख, शेण, चिखल आणि विडीचा धूर यांचा एकच वास नाकात भरतो. तुम्ही खाचराच्या बांधावर उभे आहात, आणि बांध निसरडा आहे.

व्हायचं तेच झालं. बूट सटकला, आणि तुम्ही मांडीपर्यंत चिखलात.

खाचरात आवणी चाललीय. दहा-बारा वारली बाया ओळीने वाकून भाताची रोपं लावताहेत. तुम्ही पडलात तेव्हा त्या सगळ्या एकदम ताठ झाल्या आणि खळखळून हसल्या. एक म्हातारी पुढे येते, दंडाला धरून तुम्हाला उभं करते. "शेठ, बूट काढा," ती सांगते. पँट घातलेला कुणीही इथे शेठच. मग ती तुमच्या हातात रोपांची जुडी देते. आलाच आहात तर कामाला लागा.

दहा मिनिटांत तुमच्या कपड्यांची परीक्षा होते. पँट पाणी पिऊन जड झालीय. प्रत्येक पाऊल उचलताना कापड मांडीला चिकटतं आणि चिखल मागे ओढतो. वर दुमडलेली पँट सुटून पुन्हा खाली येते. सलवार-कुर्ता असेल तर हाल आणखी वाईट: ओढणी दर वाकण्याला चिखलात बुडते आणि सावरायला दोन्ही हात रोपांत अडकलेले. साडीच्या निऱ्या घेऊन आला असाल तर तीन ओळींच्या पुढे जाता येणार नाही.

आता शेजारणीकडे बघा. तिचं लुगडं जाडंभरडं आहे. कमरेला घट्ट आवळलेलं, पायांमधून मागे नेऊन खोचलेलं, खालचा काठ गुडघ्याच्या वर. पोटऱ्या उघड्या, गुडघे उघडे. पदर छातीवरून नेऊन कमरेला इतका पक्का खोवलाय की ती दिवसभर वाकली तरी जागचा हलणार नाही. म्हातारीच्या अंगात चोळी नाही, तिचा पदर हेच तिचं वरचं वस्त्र. पाठ पावसाला मोकळी सोडलेली. पाऊस जोरात आला की ती बांधावरचं पानांचं इरलं पाठीवर घेते आणि काम चालू ठेवते. पुढच्या खाचरात औत धरलेल्या पुरुषाच्या अंगावर लंगोटी आणि डोक्याला फडकं, बस्स. चिखल त्याच्या अंगावर उडतो, पाऊस तो धुऊन नेतो. त्याला वाळत घालायला काही नाही.

तुमच्या ऑफिसात यातला एकही माणूस असा आला असता तर काय झालं असतं याचा विचार तुमच्या मनात आला असेल. इथे तो विचार कुणाच्याच मनात नाही. तुम्ही त्यांच्या गुडघ्यांकडे बघता, ते तुमच्या बुटांकडे बघतात. खाचरात अंग झाकायचं किती आणि मोकळं ठेवायचं किती, हे चिखलाने ठरवलंय, वाकण्याने ठरवलंय आणि कपड्याच्या किमतीने ठरवलंय. दोन लुगडी असलेली बाई इथे सुखवस्तू. एकच असेल तर ती त्यातलं एक टोक धुते, वाळवते आणि मग दुसरं धुते.

म्हणून इथे लाजेचे नियम नाहीत असं समजू नका. नियम आहेत आणि ते सगळ्यांना पाठ आहेत. कुण्या पोरीचा पदर सैल झाला की शेजारची हलकेच हाक मारते आणि ती वळून खोचून घेते. बांधावरून जाणारा गावचा गडी बायांच्या रांगेकडे टक लावून उभा राहत नाही. राहिलाच, तर म्हातारी त्याच्या आईचं नाव घेऊन त्याला असं काही ऐकवते की तो महिनाभर त्या वाटेला येणार नाही. या नियमात झाकण्याची जबाबदारी एकीवर आणि नजर आवरण्याची जबाबदारी दुसऱ्यावर आहे. दोघांनीही ती उचलायची.

थांबा. बेडकांच्या आवाजातून छत्री उघडल्याचा फटकारा आला. बांधावर शेठचा दिवाणजी येऊन उभा राहिलाय. धोतर, लांब कोट, काळी टोपी. कामाला किती बाया आल्या ते तो मोजतोय. मोजताना त्याची नजर डोक्यांवर नाही.

काय बदललं ते तुमच्या कातडीला कळेल. हसणं बंद झालं. एकीने गाठ नसलेला पदर ओढून घेतला. दुसरीने लुगड्याचा काठ गुडघ्याखाली ढकलायचा प्रयत्न केला, तो तिथवर पोचत नाही. तरण्या पोरी रांगेच्या मधोमध सरकल्या, म्हाताऱ्या कडेला आल्या. लुगडी तीच, पाऊस तोच, काम तेच. बांधावर माणूस तेवढा नवा आला, आणि त्याला आईचं नाव घेऊन कुणी काही ऐकवू शकत नाही, कारण जमीन त्याच्या शेठची, कर्ज त्याच्या वहीत.

ही भीती पोकळ नाही. हद्दीपलीकडच्या तलासरी-उंबरगाव भागात काही वर्षांत किसान सभेच्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर पोचणार आहेत. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराचे बांधील कसे होतात आणि त्या 'लग्नगड्या'च्या बायकोवर मालक कसा हक्क सांगतो, हे त्या डोळ्यांनी बघणार आहेत आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिणार आहेत. त्या बायांवर हात पडला तो त्यांच्या कपड्यांमुळे नव्हे. आणखी हातभर कापड अंगावर असतं तरी तो पडलाच असता.

दिवाणजी गेला. चला, आपणही निघू. चिखल दमणगंगेत धुऊन घ्या आणि सिल्वासाच्या ठाण्यावर चला.

रस्ता लाल चिखलाचा. बैलगाड्यांची चाकं करकरताहेत, सागाच्या ओंडक्यांचा तुरट वास येतोय, वाणसामानाच्या दुकानापुढे सुक्या बोंबलांचा ढीग आहे. १८९७ मध्ये बांधलेलं चर्च पावसात भिजत उभं आहे. कापडाच्या दुकानात शिरलात तर कोऱ्या कापडाच्या खळीचा वास घशात बसतो. दुकानदार गादीवर बसून लोखंडी गजाने कापड मोजतोय. समोर एक जोडपं उकिडवं बसलंय. ते बोटांनी पोत चाचपतात, आपसात कुजबुजतात, पुन्हा चाचपतात. पीक आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर एक लुगडं घेतात. लंगोटीचं कापड या खेपेला राहिलं. गुडघ्याच्या खाली लुगडं का जात नाही, याचं अर्धं उत्तर या गादीवर आहे: खाली जाणारा प्रत्येक वार उधारीत वाढतो.

पुढे कचेरी. पायऱ्या चढा.

आत शिरताच बोलणं थांबतं. उंच टेबलामागचा कारकून चष्मा कपाळावर चढवून तुमच्याकडे बघतो. त्याच्या अंगात बंद गळ्याचा कोट, कोटाखाली सदरा, सदऱ्याखाली बंडी, खाली पायघोळ धोतर, डोक्यावर टोपी. गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. घाम कानामागून ओघळून कॉलरमध्ये जिरतोय. तो उठून तुमच्याजवळ येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "अहो राव, घरात काही बरंवाईट झालं का?"

तुम्ही गोंधळता. तो तुमच्या डोक्याकडे बोट करतो. "डोकं बोडकं ठेवून कचेरीत आलात, म्हणून विचारलं."

ही ती पंचाईत. या काळच्या पांढरपेशा माणसाला उघडी पोटरी खटकेल न खटकेल, उघडं डोकं हमखास खटकतं. टोपी-पागोट्याशिवाय पुरुष बाहेर पडतो तो सुतकात. कामाच्या जागी बोडक्याने येणं म्हणजे समोरच्याचा अपमान आणि स्वतःचा अपशकुन. तुमचा इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, पॉलिश केलेला पट्टा या सगळ्याची किंमत इथे शून्य आहे. तुम्ही अर्धवट कपड्यांत कामावर आलात, असंच कचेरीचं मत झालंय. कारकून खुंटीवरची एक जुनी टोपी तुमच्या डोक्यावर ठेवतो. तेलाचा आणि पावसाळी बुरशीचा वास येतो, पण खोलीतल्या माना पुन्हा कागदांवर वळतात. तुम्ही सभ्य झालात.

आतल्या दालनात गोरा पोर्तुगीज अधिकारी बसलाय. खळीने ताठ केलेला पांढरा सूट, टाय, खुंटीवर हॅट. लिस्बनला शोभणारा थाट तो सिल्वासाच्या आषाढात सांभाळतोय. शाईचा टाक उचलला की मनगटाचा घाम कागदावर उतरतो. त्याच्या डोक्यावर कापडी पंखा हलतोय. त्या पंख्याची दोरी कुठे जाते बघा. भिंतीतल्या भोकातून ती बाहेरच्या पडवीत जाते, आणि तिथे लंगोटी नेसलेला एक माणूस बसून ती ओढतोय. उघडा, ओलाचिंब. तुमच्या बोडक्या डोक्याने ज्यांची कचेरी थांबली, त्यांना हा माणूस दिसतही नाही. त्याच्या अंगाला सभ्य-असभ्य ठरवण्याइतकंही कुणी मोजत नाही.

पायरीवर एक बाई नवऱ्याबरोबर बसलीय. रानातून लाकूड तोडल्याचा दंड भरायला दोघं आलेत. लुगड्याचा काठ गुडघ्यावर ओढून ती अंग चोरून बसलीय. हेच लुगडं नेसून ती सकाळी खाचरात मोकळेपणी वाकत होती.

कुणी काय नेसावं यावर राज्य करणाऱ्यांनी हुकूम काढावेत, ही या राजवटीची जुनी सवय. १७३६ मध्ये गोव्यातल्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती झालेल्या पुरुषांना पुडवें (धोतर) नेसायला आणि बायकांना चोळी घालायला मनाई केली होती. ज्या चोळीच्या अभावाला पुढे लोक मागासलेपण म्हणणार, तीच चोळी तेव्हा गुन्हा ठरली. अंग किती झाकलं जातं याच्याशी त्या हुकमाला कर्तव्य नव्हतं. तुमच्या अंगावर आमचा कायदा चालतो, एवढंच त्याला दाखवायचं होतं.

टोपी परत खुंटीला लावा. एक पाऊल पुढे टाका: पावसाळा संपला, दिवाळी झाली. ऊन कोरडं, बोचरं. हद्दीपलीकडे उंबरगाव-डहाणूच्या माळांवर छातीएवढं गवत वाळून सोनेरी झालंय. ते कापून, दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांत जाणार आहे. तुमच्या हातात विळा आहे आणि पायात पुन्हा ती पँट. पन्नास पावलं चाला. आता खाली बघा: कापडात शेकडो कुसळं घुसलीत. प्रत्येक पावलाला ती आतून टोचताहेत. काढायला गेलात तर अर्धं कुसळ तुटून आत राहतं. शेजारच्या गड्याच्या उघड्या पायांवर ओरखडे आहेत, रक्ताचे ठिपके आहेत, पण कुसळ अडकून बसायला जागाच नाही. त्याच्या कमरेला लाकडी आकडीत कोयता अडकवलाय. लंगोटी, करगोटा, आकडी, कोयता: त्याचा कामाचा पोशाख पूर्ण आहे. त्याला नाहीये ती मजुरी. १९४५ मध्ये इथले वारली ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मागत विळे खाली ठेवतील. लंगोटी नेसलेल्या माणसाला सुधारायला निघालेले पुष्कळ आले. त्याच्या मागणीपाशी उभे राहणारे थोडे.

आता एकदम तीस-पस्तीस वर्षं पुढे. कान झाका.

पुन्हा सिल्वासा: पिपरियाच्या औद्योगिक वसाहतीतली एक शेड. दान उद्योग सहकारी संघाने साठच्या दशकात ही वसाहत वसवली आणि खाचरांच्या जागी पत्र्याची छपरं आली. आत यंत्रांचा एकसुरी खडखडाट इतका की दातांत मुंग्या येतात. तेलाचा उग्र वास, हवेत तरंगणारे धाग्याचे कण, छपराखाली साचलेला उकाडा. खानवेलकडून आलेली एक पोर आज पहिल्यांदा कामावर उभी राहिलीय. तिच्या आजीने आवणीत नेसलेलं लुगडं ती नेसलेली नाही. ते नेसून बाजारात गेलं की पोरं हसतात, हे तिला ठाऊक आहे. तिने गोल साडी नेसलीय, घोट्यापर्यंत, पदर मोकळा, वेणी पाठीवर लांब. आरशात बघून ती घरातून निघाली तेव्हा फार देखणी आणि फार सभ्य दिसत होती.

फिरणाऱ्या पट्ट्यापासून तिचा पदर हातभर लांब आहे. श्वास रोखून बघा. एक जुना कामगार धावत येतो, तिला मागे ओढतो आणि ओरडून सांगतो, "पदर खोच, पोरी! वेणी वर बांध!" ती पदर कमरेला आवळते, वेणीचा आंबाडा घालते. तिची आजी खाचरात जशी उभी राहायची, तशी ती आता उभी आहे.

यंत्राने चिखलाचाच धडा पुन्हा दिला. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ ने हाच धडा लिहून ठेवला होता. चालत्या यंत्राजवळ तपासणी, वंगण किंवा पट्टा चढवण्याचं काम असेल तर ते खास शिकवलेल्या कामगाराने, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करायचं. आणि ते कपडे मालकाने पुरवायचे. या शेवटच्या अटीत मला मोठा न्याय दिसतो. दुसऱ्याच्या अंगावर कामाच्या वेळी काय असावं हे जो ठरवतो, त्याने कारण सांगावं आणि खर्चही उचलावा. दिवाणजीने यातलं काही केलं नाही. १७३६ च्या हुकमानेही केलं नाही.

या आता परत. ऑफिसातली गार हवा घामेजल्या पाठीला झोंबेल, जरा जपून. खिडकीबाहेरच्या कारखान्यांत पॉलिएस्टरच्या सुताचे ढिगारे निघताहेत. ज्या गावात एका लुगड्यासाठी पिकावर उधारी होत होती, ते गाव आता देशाला कपड्याचं सूत पुरवतं. कपडा मुबलक झाला. तो कुणी, कसा, किती घालावा यावरची भांडणं काही कमी झाली नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्या कार्यालयांत जीन्स आणि टी-शर्ट नकोत असं परिपत्रक काढलं. कुठल्या कार्यालयात बिनबाह्यांचा कुर्ता खटकतो, कुठे गुडघ्यावरचा स्कर्ट, कुठे पुरुषाची हाफ पँट. कार्यालयाला शिस्त ठरवण्याचा अधिकार आहे, हे मला मान्य आहे. रुग्णालयातल्या परिचारिकेला, भट्टीवरच्या कामगाराला, न्यायालयातल्या वकिलाला कामाचा वेश असतो आणि असावा. पण तो वेश कामासाठी आहे की कुणाच्या नजरेच्या सोयीसाठी, एवढं विचारायचा अधिकार तो घालणाऱ्याला हवा.

तुम्ही खाचरात उभे राहून आलात. कचेरीत बोडके ठरलात. उघडेपणाचं माप दर दाराशी बदलतं, हे तुमच्या अंगाने अनुभवलं. कुठे ते गुडघ्यावर असतं, कुठे डोक्यावर, कुठे खांद्यावर. न बदलणारी गोष्ट एकच: बांधावर उभा राहणारा माणूस. त्याच्या नजरेचा हिशेब आजवर नेसणारीकडून मागितला गेला. तो बघणाऱ्याकडून मागायला हवा.

उद्या तुमच्या टेबलाशेजारी कुणी एखाद्या सहकारी बाईच्या कपड्यांवरून शेरा मारला, तर खाचरातल्या म्हातारीसारखं त्याला तिथल्या तिथे ऐकवा. तिच्याजवळ कायदा नव्हता, तुमच्याजवळ आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात छळ म्हणजे काय हे सविस्तर सांगितलंय: नकोसा स्पर्श, लैंगिक सुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं दाखवणं, आणि असं कुठलंही नकोसं वर्तन. त्या व्याख्येत तक्रार करणारीने काय घातलं होतं याबद्दल एक शब्दही नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, आणि घटनेपासून तीन महिन्यांत तिथे लेखी तक्रार देता येते. तुमच्या ऑफिसातल्या त्या समितीवर कोण कोण आहे, ते आजच विचारून घ्या.